ज्वालामुखीचे वायू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथियोपियातल्या ज्वालामुखीची राख पश्चिम भारतावरून गेली आणि तेव्हापासून प्रश्नांची रीघ लागली. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. लाव्हा आणि भूकंप यांची भीती सगळ्यांना असते. वायूंबाबत मात्र बहुतेकांचा हिशेब ‘वास आला तर पळायचं’ एवढाच असतो, आणि तो अंगाशी येऊ शकतो. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ आणि ५ वाचा.

१. ज्वालामुखीतून सारखा धूर येतो. आत एवढं जळतं तरी काय?

काहीच नाही. ज्वालामुखीच्या पोटात इंधन नसतं, वितळलेला खडक असतो. त्याला शिलारस म्हणतात आणि त्यात वायू विरघळलेले असतात. पांढरे लोट दिसतात ती बहुतांशी पाण्याची वाफ, बाहेरच्या हवेत गार होऊन तिचे थेंब झालेले. करडे-काळे लोट राखेचे. ही चुलीतली राख नव्हे. फुटलेल्या खडकाचे आणि नैसर्गिक काचेचे धारदार कण असतात ते. निळसर पातळ झाक असेल तर बहुधा सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले आम्लाचे सूक्ष्म थेंब. खरोखर काही जळताना दिसतं अशी एक प्रसिद्ध जागा आहे, तिच्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

२. नेमके कोणकोणते वायू निघतात?

सर्वांत जास्त पाण्याची वाफ, अनेक ठिकाणी एकूण वायूच्या ६० ते ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. मग थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, हेलियम वगैरे. एकच ठरलेली यादी सगळीकडे लागू पडत नाही. शिलारस वर आलेला आणि वाट मोकळी असेल तर गंधक सल्फर डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडतं. वाटेत भूजल भेटलं तर सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि वर हायड्रोजन सल्फाइड जास्त पोचतो. वायू मोजणाऱ्यांना या फरकातून बरंच काही कळतं (प्रश्न १८).

३. वायू नसते तर उद्रेक झाला असता का?

स्फोटक तरी झाला नसता. खोलवर दाब प्रचंड असतो, त्यामुळे वायू शिलारसात मुकाट विरघळून राहतात. शिलारस वर सरकतो, दाब उतरतो आणि सोडावॉटरचं बूच काढल्यावर व्हावं तसे बुडबुडे सुटतात. शिलारस पातळ असेल, जसा हवाई बेटांवर असतो, तर वायू सहज निसटतात आणि लाव्हा वाहत बाहेर येतो. घट्ट असेल तर बुडबुडे अडकतात, फुगतात आणि खडकाच्या चिंधड्या उडवतात. म्हणजे डोंगर उडवण्याचं काम लाव्हा करत नाही, वायू करतात.

४. आजवर सर्वांत जास्त जीव घेणारा वायू कोणता? सल्फरवाला असणार ना?

शांतपणे, काही तासांत, झोपेत जीव घेण्याचं बोलायचं तर कार्बन डायऑक्साइड. तोच, जो आपण श्वासातून सोडतो आणि शीतपेयात घालतो.

कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं सरोवर आहे, एका जुन्या ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं, २०० मीटरहून खोल. तळाखालून कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं झिरपत होता आणि वरच्या पाण्याच्या वजनामुळे तळाच्या थरात विरघळून साचत होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री नऊच्या सुमारास हा साठा उसळून वर आला. लाव्हा नाही, आग नाही. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे वर न जाता तो काठ ओलांडून दऱ्यांच्या उताराने खाली वाहिला आणि न्योस, चा, सुबुम या वस्त्यांवर पसरला. २० किलोमीटरहून दूर असलेली माणसंही त्याने गाठली. सुमारे १,७०० माणसं आणि हजारो गुरं मेली. जे वाचले त्यातले अनेक जण तासन्तास बेशुद्ध होते. शुद्धीवर आल्यावर त्यांना घरातले दिवे विझलेले दिसले, तेल मात्र तसंच शिल्लक होतं.

दोनच वर्षं आधी, ऑगस्ट १९८४ मध्ये, त्याच देशातल्या मोनून सरोवराकाठी ३७ जण असेच मेले होते. त्या वेळी कारण नीट उलगडलं नव्हतं. न्योसनंतर दोन्ही घटनांचा मेळ बसला. इंडोनेशियातल्या डिएंग पठारावर १९७९ च्या फेब्रुवारीत उद्रेकाला घाबरून पळालेले गावकरी वाटेतच साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडले. तिथे १४० च्या वर माणसं गेली.

हवेत हा वायू पाच टक्क्यांच्या आसपास गेला की धाप लागते, डोकं दुखतं. दहा टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याच्या वर गेला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. सरोवर नसलं तरी खड्डे, गुहा, तळघरं, नाल्याचे सखल भाग इथे तो साचतो. काँगोमधल्या गोमा शहराभोवती, न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी, अशा जागांना लोक ‘माझुकू’ म्हणतात. तिथे लहान मुलं आणि बकऱ्या आधी बळी पडतात, कारण त्यांची नाकं जमिनीच्या जवळ असतात.

५. वास येत नसेल तर हवा सुरक्षित समजायची ना?

अजिबात नाही. कार्बन डायऑक्साइडला वास नाही; फार दाट झाला तर नाकात झिणझिणतं, पण तोवर उशीर झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजलेल्या अंड्यासारखा वास फार थोड्या प्रमाणातही येतो, म्हणून लोकांना तो भरवशाचा वाटतो. पण प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) पुढे गेलं की नाक बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. वायू गेलेला नसतो, वाढलेला असतो. ५०० पीपीएमच्या पुढे तो जीव घेतो. त्यातल्या त्यात सल्फर डायऑक्साइड प्रामाणिक म्हणायचा: आगकाडी ओढल्यावर नाकात जातो तसला झणका देतो, डोळ्यांतून पाणी काढतो, माणसाला उभं राहू देत नाही.

आपल्याकडे पडीक विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायची पद्धत होती. कंदील विझला तर उतरायचं नाही. न्योसकाठचे विझलेले दिवे आणि विहिरीतला कंदील यांचं शास्त्र एकच. आज मात्र कंदील सोडू नका, खाली मिथेन असेल तर भडका उडेल. वायू मोजणारं यंत्र वापरतात. एक खाली कोसळला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. विहिरींच्या आणि मैल्याच्या टाक्यांच्या बातम्यांत हे आपण दर वर्षी वाचतो. ज्वालामुखीच्या खड्ड्यांतही असंच होतं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इटलीत नेपल्सजवळच्या सोल्फातारा विवरात एकाच कुटुंबातले तिघे एका खड्ड्यात गेले.

६. मला दमा आहे. ज्वालामुखी असलेल्या देशात नोकरीला जायचंय, काय होईल?

तुमच्यासाठी मुख्य त्रासदायक वायू सल्फर डायऑक्साइड. तो श्वासनलिका आवळतो, आणि निरोगी माणसाला जाणवणारही नाही इतक्या प्रमाणात दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. पण देश एवढाच निकष पुरत नाही. ज्वालामुखी किती दूर आहे, सध्या वायू सोडतोय का आणि वारा कुठून कुठे वाहतो हे पाहावं लागतं. हवाईत किलाउएआ ज्वालामुखी जोरात असतो तेव्हा वायू आणि बाष्प मिळून ‘व्हॉग’ नावाचं धुरकट धुकं बनतं आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या कोना भागापर्यंत जातं. फिलिपिन्समध्ये ताल ज्वालामुखीमुळे अशाच दिवसांत शाळांना सुट्टी देतात.

टोकाचं उदाहरण जपानच्या मियाकेजिमा बेटाचं. २००० साली उद्रेक झाला, आणि उद्रेक ओसरल्यावरही विवरातून रोज हजारो टन सल्फर डायऑक्साइड येत राहिला. सप्टेंबर २००० मध्ये सगळं बेट रिकामं केलं. सुमारे ३,८०० माणसं साडेचार वर्षं परक्या गावी राहिली. फेब्रुवारी २००५ मध्ये परतायची परवानगी मिळाली ती गॅस मास्क कायम जवळ बाळगायचा या अटीवर. घरं शाबूत होती, रस्ते होते, हवा नव्हती.

जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, इनहेलर हातातल्या पिशवीत ठेवा आणि त्या भागातल्या हवेचे रोजचे आकडे कुठे मिळतात ते आधीच शोधून ठेवा.

७. इथियोपियाची राख आपल्यावरून गेली तेव्हा विषारी वायूही आला का? त्या दिवसांत घशाला त्रास झाला होता.

वायू आला, पण तुमच्या घशापर्यंत नाही. अफार भागातला हायली गुब्बी २३ नोव्हेंबर २०२५ ला फुटला. याआधी तो फुटल्याची कुठेच नोंद नव्हती. लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून २४ तारखेच्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे आला आणि पुढे चीनकडे सरकला. त्यात राख होती, सल्फर डायऑक्साइडही होता, पण हे सगळं विमानांच्या उंचीवर. जमिनीवरच्या हवेवर परिणाम नसल्याचं हवामान विभागाने तेव्हाच सांगितलं होतं. नोव्हेंबरअखेर घसा धरायला आपल्याकडची धूळ, बांधकामं आणि गाड्या पुरेशा आहेत. त्यासाठी इथियोपियाला बोल लावायला नको.

विमानं रद्द झाली ती राखेमुळे. राखेतले काचेचे कण जेट इंजिनात वितळून आतल्या पात्यांवर चिकटतात आणि इंजिन बंद पडू शकतं.

८. मोठा उद्रेक झाला की जग थंड होतं हे खरं का? राखेने सूर्य झाकला जातो म्हणून?

थंड होतं हे खरं, कारण मात्र चुकीचं. राख जड असते, दिवसांत-आठवड्यांत खाली बसते. काम करतो तो सल्फर डायऑक्साइड. तो स्थितांबरात, म्हणजे पावसाच्या ढगांच्या वर, पोचला तर काही आठवड्यांत त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब होतात. तिथे त्यांना धुवून काढायला पाऊस नसतो, म्हणून ते वर्ष-दोन वर्षं तरंगतात आणि ऊन परत फिरवतात.

फिलिपिन्सच्या पिनाटुबोने १५ जून १९९१ ला दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. इंडोनेशियातला तांबोरा एप्रिल १८१५ मध्ये फुटला, आणि १८१६ साली युरोप व ईशान्य अमेरिकेत उन्हाळाच आला नाही; जूनमध्ये बर्फ पडलं, पिकं बुडाली.

उद्रेक किती मोठा यापेक्षा त्यात गंधक किती हे महत्त्वाचं. अमेरिकेतला सेंट हेलेन्स १९८० साली फुटला तेव्हा जगभर गाजला, पण त्याचा सल्फर डायऑक्साइड सुमारे दहा लाख टन, आणि स्फोटही बराचसा वर न होता बाजूला झाला. हवामानावर दखल घ्यावी असा परिणाम नाही. मेक्सिकोचा एल चिचोन १९८२ साली फुटला, नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, पण त्याने सुमारे सातपट वायू सोडला आणि थंडावा मोजता आला.

मान्सूनचं विचाराल तर, उष्ण कटिबंधातल्या मोठ्या उद्रेकांनंतर जमीन समुद्रापेक्षा जास्त थंडावते, दोघांतला फरक घटतो आणि पाऊस कमी होण्याकडे कल असतो. एखाद्या विशिष्ट दुष्काळाचं खापर थेट एका ज्वालामुखीवर फोडताना मात्र जपून. त्या वर्षी एल निन्यो होता का, हे आधी बघावं लागतं.

९. एक ज्वालामुखी फुटला की माणसाने शंभर वर्षांत सोडला नसेल एवढा कार्बन बाहेर पडतो, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

खोटं आहे, आणि थोडंथोडकं नाही. जगातले सगळे ज्वालामुखी, समुद्राखालचे धरून, वर्षाला साधारण ३० ते ४० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात. माणूस कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो. ज्वालामुखींचा वाटा आपल्या तुलनेत एका टक्क्याच्या आगेमागे.

यावर हमखास येणारा उपप्रश्न: ‘कार्बन मोजणारी वेधशाळाच हवाईत मौना लोआ ज्वालामुखीवर आहे, मग आकडे फुगणारच की!’ शंका रास्त आहे. वेधशाळा उतारावर उंच ठिकाणी आहे आणि विवराकडून वारा आला की आकड्यांत अचानक खडबडीत चढउतार दिसतात. ते वेगळे काढले जातात. शिवाय ज्वालामुखीपासून दूर, दक्षिण ध्रुवावरही तीच चढती रेघ मिळते.

१०. टोंगाचा उद्रेक एवढा प्रचंड होता, मग थंडी का नाही पडली?

प्रश्न ८ मधला गंधकाचा नियम इथे उलट्या बाजूने सिद्ध होतो. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांजवळचा हुंगा टोंगा-हुंगा हापाई १५ जानेवारी २०२२ ला समुद्राखालून फुटला. सल्फर डायऑक्साइड जेमतेम चार-पाच लाख टन, पण समुद्राचं पाणी वाफ होऊन सुमारे १५ कोटी टनांनी स्थितांबरात गेलं. तिथल्या एकूण पाण्यात जवळजवळ दहा टक्के भर पडली. वाफ उष्णता धरून ठेवणारी. असा उद्रेक उपग्रहांच्या काळात पहिल्यांदाच पाहायला मिळाला.

११. वायूमुळे गुरंढोरं मरतात असं वाचलं. ती हवा हुंगून मरतात का?

कधी हुंगून, पण आइसलँडमध्ये घडलं ते चरून. ८ जून १७८३ ला तिथे लाकीची लांबलचक भेग उघडली आणि फेब्रुवारी १७८४ पर्यंत वाहत राहिली. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड आणि ८० लाख टन हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडला. फ्लोराइड राखेच्या कणांना चिकटून कुरणांवर बसला, मेंढ्यांनी ते गवत खाल्लं. हाडांना गाठी आल्या, दात बिघडले, चालणं बंद झालं. देशातल्या सुमारे ८० टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरं गेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात माणसांपैकी जवळपास पाचवा हिस्सा गेला. माणसं वायूने गुदमरून नव्हे, मुख्यतः उपासमारीने मेली. धुकट हवा युरोपभर पसरली होती. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा फ्रान्समध्ये होता आणि त्या ‘कोरड्या धुक्या’चा संबंध ज्वालामुखीशी असावा हे त्याने लिहून ठेवलं.

यवतमाळ, चंद्रपूर किंवा किनवटकडच्या वाचकांना फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडण्याचा आजार, नवा नाही. आपल्याकडे तो भूजलातून येतो, वर्षानुवर्षांत. राखेतून तो आठवड्यांत येतो, एवढाच फरक. आइसलँडचे शेतकरी आजही राख पडायला लागली की आधी मेंढ्या गोठ्यात घेतात.

१२. ज्वालामुखीजवळची माती सुपीक म्हणतात, मग हे वायू पिकांना चांगलेच ना?

माती आणि वायू या दोन वेगळ्या गोष्टी. राख आणि लाव्हा झिजून माती व्हायला काळ जातो. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती अशीच बेसाल्टची झीज होऊन झालेली. वायू मात्र पानं जाळतात. निकाराग्वात मसाया ज्वालामुखीच्या वाऱ्याच्या वाटेवर कॉफीचे मळे करपल्याचा इतिहास आहे. पावसाचंही तसंच: सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड पाण्यात मिसळून आम्लपाऊस पडतो. हवाईत छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवणाऱ्या घरांमध्ये १९८० च्या दशकाअखेर पाण्यात शिसं सापडलं. आम्लपावसाने ते छपराच्या जोडांतून आणि खिळ्यांतून सोडवून आणलं होतं.

१३. महाराष्ट्र लाव्हापासून बनलाय म्हणतात. मग तेव्हाचे वायू गेले कुठे?

हवेत, समुद्रात, आणि थोडे आपल्या डोळ्यांसमोर खुणा ठेवून. दख्खनचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पातळ लाव्हाच्या अगणित लोंढ्यांनी रचले गेले. आज उरलेला विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा जवळून पाहा. एका लोंढ्याच्या मधला भाग घट्ट, काळा, ठोकला तर खणखणीत वाजणारा. वरच्या बाजूला तोच दगड भोकाभोकांचा, जाळीदार होत जातो. ती भोकं म्हणजे वर चढून पृष्ठाशी पोचलेले आणि लाव्हा गोठल्याने तिथेच अडकलेले वायूचे बुडबुडे. वायू कधीच निसटले, साचा राहिला. पुढे पाणी झिरपत गेलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले: स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट, गारगोटी. नाशिक, जळगाव, पुणे, छत्रपती संभाजीनगर भागांतल्या खाणी आणि विहिरींतून निघालेले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. काही बुडबुडे मुठीएवढे, काही पोकळ्या माणूस आत शिरेल एवढ्या.

डायनासोर या वायूंनी मेले का? त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलुबला अशनी आदळला, आणि दोघांपैकी कोणाचा वाटा किती यावर भूवैज्ञानिकांत अजून जुंपलेली असते. अशनीने शेवटचा घाव घातला असं मानणाऱ्यांचं पारडं सध्या जड आहे. दख्खनच्या सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडने हवामान आधीच डळमळीत केलं होतं, हे माझ्या मते नाकारता येत नाही.

१४. वज्रेश्वरी, उन्हवरेच्या कुंडांना गंधकाचा वास येतो. खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. दख्खनचा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझला. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि कोकणातल्या भेगांच्या पट्ट्यातून वर येतं. वाटेत खडकांतलं थोडं गंधकही घेऊन येतं. उघड्या कुंडाशी तो वास धोक्याचा नाही.

याच ओळीतले आणखी दोन: लोणारचं सरोवर अशनीच्या आघाताने झालं, ज्वालामुखीने नाही. आणि २०१८ पासून डहाणू-तलासरीत बसणाऱ्या धक्क्यांच्या मागेही ज्वालामुखी नाही.

१५. भारतात एकही जिवंत ज्वालामुखी नाही ना?

एक आहे. अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, मग दीर्घ शांतता, आणि १९९१ पासून तो अधूनमधून जागा होतोय. बेटावर वस्ती नाही, त्यामुळे त्याच्या वायूंचा त्रास सोसायला माणूस नाही.

१६. बालीच्या ट्रिपमध्ये इजेनची निळी ज्योत आहे. धोका किती?

इजेन बालीत नाही, शेजारच्या जावा बेटावर आहे. मध्यरात्री निघून अंधारात विवरात उतरतात. निळी दिसते ती लाव्हा नव्हे. भेगांतून येणारी तापलेली गंधकाची वाफ हवेशी भेटून पेटते, आणि ही खरीखुरी आग आहे. जळताना तिचा सल्फर डायऑक्साइड होतो. खालचं हिरवट-निळं तळं इतकं आम्लधर्मी की त्याचा सामू एकच्याही खाली आहे. त्याच वायूत गंधक काढणारे मजूर ७०-८० किलोची कावड खांद्यावर घेऊन चढतात, पुष्कळदा तोंडाला फडकं बांधून. त्यांना वाट द्या, फोटोसाठी अडवू नका.

वारा फिरला की पिवळट-पांढरा लोट क्षणात अंगावर येतो. अशा वेळी तो ओसरेपर्यंत त्यात उभं न राहता वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं. दमा, हृदयविकार, गर्भारपण, लहान मुलं बरोबर असतील तर काठावरूनच सूर्योदय पाहा. तोही सुंदर असतो. विवर प्रशासनाने बंद ठेवलं असेल तर ‘जास्त पैसे घ्या पण न्या’ असं वाटाड्याला म्हणू नका. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला पर्यटक विवरात असतानाच स्फोट झाला आणि २२ जण गेले. इशाऱ्याची पातळी आधीच वाढवलेली होती.

हवाईत लाव्हा समुद्रात पडतो तेव्हाचा पांढरा ढगही लांबूनच पाहायचा. त्यात खाऱ्या पाण्यापासून झालेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे कण असतात.

१७. कोविडमधले एन-९५ मास्क पडून आहेत, ते चालतील का?

राखेसाठी हो. वायूसाठी नाही. एन-९५ कण अडवतो, वायू सरळ पार होतो. सल्फर डायऑक्साइडसाठी आम्लवायूंचं फिल्टर बसवलेला मास्क लागतो, आणि फिल्टरही ठरावीक काळानंतर बदलावं लागतं. ओलं फडकं पाण्यात विरघळणारे वायू थोडेफार अडवतं, पळून जाण्यापुरतं. कार्बन डायऑक्साइडपुढे यातलं काहीच चालत नाही. तिथे उपाय एकच: उंच, मोकळ्या जागी जाणं.

१८. वायू मोजून उद्रेक आधी ओळखता येतो का?

बऱ्याचदा अंदाज बांधता येतो. नवा शिलारस वर चढू लागला की आधी कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण तो खोलवरच वेगळा होतो. सल्फर डायऑक्साइड नंतर, पृष्ठाजवळ. म्हणून नुसती मात्रा न पाहता दोघांचं गुणोत्तर पाहतात. विवराच्या काठावर यंत्रं ठेवतात, विमानातून किंवा ड्रोनने मोजतात, आणि २०१७ पासून सेंटिनल-५पी उपग्रह सल्फर डायऑक्साइडचा रोजचा नकाशा देतो. कार्बन डायऑक्साइड उपग्रहातून पकडणं अवघड, कारण हवेत तो आधीपासूनच भरपूर आहे.

खाचखळगा असा की वायू घटणं म्हणजे धोका टळणं नव्हे. पिनाटुबोवर १३ मे १९९१ ला दिवसाला ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता, २८ मेपर्यंत ५,००० टन झाला, आणि मग एकदम घसरला. तिथल्या शास्त्रज्ञांनी सुटकेचा निःश्वास टाकला नाही. वाट बुजली असावी आणि आत दाब वाढत असावा, अशी भीती त्यांना वाटली. इशारे चढत गेले, हजारो लोक हलवले गेले, आणि पंधरवड्यात डोंगर फुटला.

१९. मग आपणच वर सल्फर डायऑक्साइड सोडून पृथ्वी थंड का करत नाही?

हा विचार गंभीरपणे मांडला जातो, आणि पुरावा म्हणून पिनाटुबोच दाखवला जातो. पण त्याच पिनाटुबोनंतर ओझोन घटला आणि जमिनीवरचा पाऊसही कमी झाला. हवेतला कार्बन तसाच राहतो, समुद्र आम्लधर्मी होत राहतो, आणि फवारणी मध्येच थांबली तर अडवलेली उष्णता थोड्या वर्षांत परत येते. मान्सूनवर जगणाऱ्या देशाने याबाबत शेवटच्या बाकावर बसू नये, असं मला वाटतं.

२०. न्योससारखं पुन्हा होऊ शकतं का?

न्योसला आता शक्यता बरीच कमी आहे. २००१ मध्ये सरोवराच्या तळापर्यंत एक नळी सोडली. सुरुवातीला थोडं पाणी उपसलं, की वर येताना वायू सुटतो आणि पुढचं पाणी आपोआप ओढलं जातं. पंप लागत नाही. कारंजं ५० मीटरच्या आसपास उडत असे. २०११ मध्ये आणखी दोन नळ्या बसवल्या. मोनूनमध्येही असंच केलं.

खरी काळजी किवूची. रवांडा आणि काँगोच्या सीमेवरचं हे सरोवर न्योसच्या हजारपटीहून मोठं. त्याच्या खोल पाण्यात सुमारे ३०० घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० घन किलोमीटर मिथेन विरघळलेला आहे, काठावर लाखो माणसं राहतात, आणि शेजारी न्यिरागोंगो आहे. सध्या थर स्थिर आहेत. न्योसच्या नळीचीच युक्ती रवांडात वेगळ्या कामाला लावली आहे: खोल पाणी वर आणून त्यातला मिथेन वेगळा करतात, त्यावर वीज बनवतात आणि उरलेलं पाणी ठरलेल्या खोलीवर परत सोडतात. खोली चुकली तर थर ढवळले जातील, म्हणून परवान्यात पाणी कुठे सोडायचं हे बांधून दिलेलं असतं.